पेन्सिलची धून

माझी ही गिटारची नखी तुपाच्या डब्याच्या पिवळ्या झाकणातून कापलेली आहे, आणि मी ती बदलणार नाही. चांगल्या नख्या माझ्याकडे नाहीत असं नाही. मुलाने पुण्याहून आणलेलं सहा नख्यांचं पाकीट न फोडलेलं तसंच कपाटात पडून आहे. पण आज रविवार आहे, दुपारचे चार वाजत आलेत, साडेचारला मला लॅपटॉपसमोर बसून गिटार वाजवायची आहे आणि तेव्हा हातात हीच नखी असणार. तिच्या कडा झिजून गोल झाल्यात. एका बाजूला छापील अक्षराचा अर्धा तुकडा उरलाय. नाकाशी धरली की मला व्हार्निशचा वास येतो. नवरा म्हणतो, इतक्या वर्षांनी कसला वास, तुझ्या मनाचे खेळ आहेत. असतील.

व्हार्निशचा वास म्हणजे माझं धुळं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रघुनानांचं दुकान होतं. जळलेल्या मोटारी आणि पंखे तिथे भरून मिळायचे. नाना तांब्याची तार गुंडाळायचे, गुंडाळी व्हार्निशमध्ये बुडवायचे आणि उन्हात टांगून ठेवायचे. चैत्र-वैशाखात त्या वासाने सगळी गल्ली भरून जायची. शाळेतून येताना आधी तो वास भेटायचा, मग घर. लग्नाची दाट तिथी असली की मात्र दुकानाला कुलूप, कारण त्या दिवशी नाना बेंजोवाले व्हायचे. ज्याने आमच्याकडची वरात पाहिली नाही त्याच्यासाठी सांगते. बेंजो म्हणजे एक लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा ताणलेल्या. डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणं आणि उजव्या हातात नखी. पुढे हातगाडीवर बॅटरी आणि भोंगा. भोंग्यातून तो आवाज सुटला की काठी टेकत आलेले मामेसासरेसुद्धा खांदे उडवायला लागायचे.

नाना शिकले कुणाकडे, विचारू नका. त्यांनाही सांगता यायचं नाही. गाणं ऐकायचं, टेपवर उतरवून घ्यायचं, पुन्हा पुन्हा लावायचं आणि बोटांना पाठ करायचं, एवढीच त्यांची शाळा. त्यासाठी ते जुन्या बाजारातून वापरलेल्या कॅसेट आणायचे आणि त्यांच्यावर नवी गाणी भरायचे. मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट. दुपारचं ऊन असं की गल्लीत कुत्रंही नव्हतं. मी आईचा मिक्सर दुरुस्तीला घेऊन गेले होते. नाना एका बिनचिठ्ठीच्या कॅसेटवर काही भरायच्या आधी आत काय आहे ते बघत होते. आतून एका तारेवर कुणीतरी धावत सुटलं. शब्द नाहीत, ढोल नाही, नुसतं धावणं. आणि धावता धावता मध्येच एखादा सूर फुटायचा, एकाचे तीन व्हायचे, आणि पुन्हा पळापळ. मी मिक्सर धरून तशीच उभी राहिले.

"काय वं, काय ऐकी ऱ्हायनी तू?" नानांनी विचारलं.

"नाना, हे काय आहे?"

"माले काय माहीत? कोन्या तरी गावनी वरात शे."

त्या कॅसेटवर त्यांनी दुसरं काही भरलं नाही. त्यांचा टेपरेकॉर्डर मात्र खादाड होता, आठवड्यातून एकदा तरी कॅसेटमधली टेप गिळायचा. मग नाना ती काळी टेप हळूहळू बाहेर ओढायचे, बोटांनी सरळ करायचे आणि माझ्या कंपासमधली पेन्सिल घालून परत गुंडाळायचे. म्हणून आम्ही तिला पेन्सिलची धून म्हणायचो. तिला दुसरं काही नाव असेल असं आमच्या मनातही आलं नाही.

मला बेंजो शिकायचा होता. पण मुलीने बेंजो शिकून करायचं काय, वरातीत हातगाडीमागे चालायचं? आमच्या वडलांनी एका वाक्यात विषय मिटवला. तेवढ्यात दादाने जळगावच्या कॉलेजातून गिटार आणली. एका मुलीवर छाप पाडायला घेतलेली ती गिटार. मुलीवर काही छाप पडली नाही आणि गिटार माळ्यावर गेली. मी ती खाली काढली तेव्हा कुणी हरकत घेतली नाही, कारण ती दादाची होती आणि दादाच्या वस्तूंना आमच्या घरात आपोआप मान होता. मी ती नानांच्या दुकानात नेली. नानांनी तारा टोकरून पाहिल्या, दुकानातलं तुपाच्या डब्याचं झाकण कात्रीने कापलं, पॉलिश पेपरवर घासलं आणि ती नखी माझ्या हातात ठेवली.

"बटने नहीत, बरं का. तठे तुन्हंच बोट बटन," ते म्हणाले. बटणं नाहीत, तुझं बोटच बटण. गिटारची एवढी शिकवणी पुरली.

बोटं वर्षभरात वळली. अडलं ते उजव्या हातात, त्या तीन ठोक्यांत. त्या धुनेत दोन सुरांच्या जागेत एकाच सुराचे तीन ठोके बसवायचे असतात, नखी खाली, वर, खाली. सांगायला सोपं. करायला गेलं की एकतर दोनच निघायचे, नाहीतर तिसरा ठोका पुढच्या सुराच्या डोक्यावर जाऊन बसायचा. मी दात-ओठ खाऊन मारायचे. तार तुटायची. नाना पंख्याचं पातं पुसता पुसता ओरडायचे, "दगड फोडी ऱ्हायनी का तू?"

मग आखाजी आली, आमच्याकडची अक्षय्य तृतीया. आखाजीला आमच्याकडे आमरस आणि मांडे. परसात चुलीवर खापर पालथं घातलेलं, धुराने डोळे चुरचुरतायत, पुरणात वेलदोड्याचा वास, आणि आई मांडा हातांवर झेलतेय. पुरण भरलेला गोळा या हातावरून त्या हातावर, त्या हातावरून या हातावर, बघता बघता कोपरापर्यंत पसरतो आणि फाटत नाही. रसासाठी आंबे द्यायला आलेले नाना दारातच थांबले.

"देख," ते मला म्हणाले, "तुन्ही माय जोर करस का?"

मी पाहिलं. आईचे खांदे हलत नव्हते, दंड हलत नव्हते. मनगटं मात्र अशी सैल होती की ती आईची नव्हेतच असं वाटावं. आईला काहीच कळलं नाही. ती म्हणाली, "काय बघताय माझ्याकडे दोघं, पाट मांडा." मी जेवण सोडून माळ्याखाली जाऊन बसले, मनगट सैल सोडलं आणि नखी तारेवर पडू दिली. खाली, वर, खाली. तीन ठोके निघाले, मोकळे, एकमेकांना न ढकलता. त्या दिवशी मी रस खाल्लाच नाही आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली. मला अजून त्या रसाची हळहळ नाही.

सगळी धून बसली तेव्हा नानांनी एक गोष्ट दाखवली. टेपवर ती धून तीन वेळा वाजते. दुसऱ्या फेरीत, शेवटाकडे, एक लांब सूर येतो आणि तोही फुटतो, त्याचेही तीन होतात. पहिल्या आणि तिसऱ्या फेरीत तो सरळ लांबच राहतो. मी विचारलं, पहिल्या वेळी का नाही?

"पहिली येळले तो लाजना व्हता," नाना म्हणाले.

"आणि तिसऱ्या वेळी?"

"तिसरी येळले थकी गया."

मी तसंच शिकले. पहिल्या फेरीत लाजायचं, दुसऱ्या फेरीत धीट व्हायचं, तिसऱ्या फेरीत थकायचं.

श्रावणात कानबाई, आमच्या खान्देशातली देवी, बसायची. रविवारी मांडायची आणि सोमवारी सकाळी वाजत-गाजत पांझरा नदीवर न्यायची. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू घेताना घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ घेतात. वडलांची मूठ, दादाची मूठ, काकांची मूठ. माझ्या नावाची मूठ नसायची आणि आईच्याही नाही. हे मला तेव्हाही खटकायचं आणि आजही खटकतं. सोमवारी नाना मिरवणुकीपुढे बेंजो वाजवायचे. एका वर्षी, दोन गाण्यांच्या मध्ये, त्यांनी एकदम पेन्सिलची धून सुरू केली. बायका क्षणभर बावरल्या आणि मग फुगड्यांना असा वेग आला की पदर खोचायलाही कुणी थांबेना. शेजारच्या अक्कांनी घाम पुसत विचारलं, "हाई कोनतं गानं शे, रघू?"

"कानबाईले आवडनं," नाना म्हणाले, "तुले काय करनं शे?"

मी वरच्या मजल्याच्या खिडकीत गिटार घेऊन बसले होते. भोंग्यापुढे माझा आवाज माझ्या मांडीपर्यंतही पोचत नव्हता. तरी मी त्यांच्याबरोबर वाजवत होते. दुसऱ्या फेरीत ती जागा आली तेव्हा नानांनी मान वर करून खिडकीकडे पाहिलं. माझा हात पाहिला. मग नखी धरलेली दोन बोटं कपाळाला लावली. मिरवणूक पुढे गेली, गुलालाचा आणि उदबत्तीचा वास मागे राहिला, आणि मी एकटीच तिसरी फेरी पूर्ण केली.

मग जे सगळ्यांचं होतं ते झालं. मुलगी बघायला आलेल्यांनी विचारलं, मुलीला काय येतं, आत्या म्हणाली विणकाम, मी म्हणाले गिटार. त्यातल्या एकाला हसू आलं नाही, म्हणून त्याच्याशी लग्न केलं आणि जळगावला आले. शाळेत भूगोल शिकवायला लागले. जळगावच्या उन्हाने गिटारीची मान वाकली, तारा वर उचलल्या गेल्या, मी तरी वाजवत राहिले. सासूबाई दुपारच्या झोपेतून उठून म्हणायच्या, "झालं का तुझं किणकिण?" मी म्हणायचे, अजून एक फेरी. तिकडे धुळ्यात वरातींपुढे डीजेचे ट्रक आले. त्या आवाजाने खिडक्यांच्या काचा थरथरतात, पण खांदा एकाचाही मनापासून उडत नाही. नानांचा भोंगा भंगारात गेला. पंखे आता कुणी भरून घेत नाही, नवे आणतात. दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. ती कॅसेटही कुठल्याशा घर बदलण्यात हरवली.

बावीस वर्षं मी फळ्यावर जगाचा नकाशा टांगत आले, आणि माझी स्वतःची धून त्या नकाशावर कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. चार वर्षांपूर्वी मुलगा मोबाइलवर कुठल्याशा समुद्रकाठचा व्हिडिओ बघत होता. मी भाकरी थापत होते. मागून ती धून वाजली. मी पिठाच्या हातांनी त्याचा मोबाइल हिसकावला. व्हिडिओखाली नाव होतं, आयर्लंड! मुलांना मी तिथला पाऊस आणि बटाटे शिकवत होते आणि हे शिकवत नव्हते. त्या तीन ठोक्यांना तिकडे ट्रिप्लेट म्हणतात हे तेव्हा कळलं. तिकडचे लोक ते ठोके वाजवता वाजवता असे टाकतात, जसं आपण बोलता बोलता टाळी देतो.

मग मी इंटरनेटवर तिकडच्या धुना शिकवणाऱ्या एका वर्गात नाव घातलं. महिन्यातून एकदा, रविवारी, त्यांच्या सकाळी आणि आमच्या दुपारी. तिकडचे मास्तर सत्तरीचे, पांढऱ्या दाढीचे, बोलायला फार गोड. त्यांच्यात एक रीत आहे. धून वाजवण्याआधी ती कुणाकडून शिकलो हे सांगायचं. प्रत्येक गावाची वळणं वेगळी आणि ती माणसाच्या नावानेच पुढे जातात, असं मास्तर नेहमी सांगायचे. कुणी आजोबांचं नाव घ्यायचं, कुणी शेजारणीचं. गेल्या महिन्यात पेन्सिलची धून वाजवायची माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "कॅसेटवरून." खोटं नव्हतं. पण मोटारी भरणाऱ्या आणि वरातीत वाजवणाऱ्या माणसाचं नाव त्या गोऱ्या माणसांत घ्यायची मला लाज वाटली. हे लिहितानाही माझे कान गरम होतायत.

मास्तरांना माझे ठोके आवडले. मनगट कुणी तयार केलं, असं त्यांनी विचारलंही. पण दुसऱ्या फेरीतल्या त्या जागेवर त्यांनी मला थांबवलं. तिथे ट्रिप्लेट नाही, लांब सूर आहे, तो तसा कुणीच तोडत नाही, ते म्हणाले. मग हसून त्यांनी विचारलं, तुमची कॅसेट तिथे खराब होती का? सगळे हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. आणि मला एकदम पेन्सिल आठवली, नानांच्या बोटांत चुरगळलेली काळी टेप आठवली. तीस वर्षं मी टेपची एक सुरकुती मनापासून वाजवत आले होते.

महिनाभर मी ती सुरकुती काढत बसले. हात ऐकेना. शेवटी ऐकला. सूर लांब झाला, स्वच्छ झाला. आजच्या रविवारी तोच वाजवायचा होता. त्याआधी गेल्या आठवड्यात मी धुळ्याला गेले. कशाला, ते मला नीट सांगता येणार नाही. एसटी एरंडोल, पारोळा घेत गेली, खिडकीतून वेचणीला आलेला कापूस दिसत होता, आणि गिटार मांडीवर आडवी घेऊन बसलेल्या बाईकडे अख्खी गाडी बघत होती.

नाना खाटेवर होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात मांडीवर पडून असतो. त्यांच्या बायको, आमच्या काकू, म्हणाल्या, बोलतात कमी, पण ऐकू सगळं येतं. त्यांनी मला ओळखलं. गिटार ओळखली. खोलीत कुठेच व्हार्निशचा वास नव्हता, औषधांचा होता. मी पेन्सिलची धून वाजवायला घेतली. पहिली फेरी झाली. नाना डोळे मिटून पडले होते. दुसरी फेरी, ती जागा आली, मी तो लांब सूर छान लांब ठेवला आणि पुढे गेले.

"थांब," नाना म्हणाले.

मी थांबले.

"तठे तीन व्हतात." जीभ जड झाली आहे, पण शब्द कळत होते. "कोनी काढात?"

मी सांगायला लागले. तिकडचे मास्तर, ती रीत, ते हसणं. म्हणाले, "नाना, ते तीन मुळात नव्हतेच. टेप चुरगळली होती."

नानांनी डोळे उघडले. "माले माहीत शे," ते म्हणाले. "मन्हाच हाते चुरगळनी व्हती ती."

काकू चहा घेऊन दारातच थबकल्या. मला राग आला की रडू आलं, माहीत नाही. इतकी वर्षं मी शहरातली मराठी बोलते, पण तोंडातून निघालं ते गल्लीतलं.

"मंग माले कसाले शिकाडं, नाना?"

त्यांना दम लागला होता. काकूंनी त्यांना उशीला टेकवून बसवलं. मग ते सावकाश म्हणाले, "सपाट रस्तावर झोप लागस. एखादा खड्डा बरा ऱ्हास." आणि हसले, अर्ध्याच तोंडाने, कारण दुसरं अर्धं आता हसत नाही.

"तिकडला लोके?" मी विचारलं.

"तिकडला लोकेस्ले सांग, आम्हना गावमा आसंच वाजाडतस."

त्यांनी डाव्या हाताने खाटेच्या कडेवर तीन ठोके दिले. पहिला नीट, दुसरा नीट, तिसरा जरा उशिरा. मी पुन्हा वाजवली. दुसऱ्या फेरीत मनगट सोडलं, आणि महिनाभर घासून काढलेली सुरकुती एका क्षणात परत आली, जणू दाराआडच उभी होती. नानांनी मान हलवली. परतीच्या गाडीत मी पारोळ्यापर्यंत रडत होते आणि एरंडोलपासून भांडत होते, मनातल्या मनात, सगळ्यांशी.

साडेचार वाजले. लॅपटॉपवर चौकोन उघडले. नऊ माणसं, कुणाच्या मागे पाऊस, कुणाच्या मागे शेगडी. माझ्या मागे कपाट आणि त्याच्यावर शाळेचा गुंडाळलेला नकाशा. मास्तरांनी माझं नाव घेतलं आणि नेहमीचं विचारलं, ही कुणाकडून शिकलात?

"रघुनाथ नानांकडून," मी म्हणाले. "धुळे. ते मोटारी भरायचे आणि लग्नात बेंजो वाजवायचे." मग सावकाश इंग्रजीत सगळं सांगितलं, टेपचंही, पेन्सिलचंही.

नखी धरली. पहिल्या फेरीत तो सूर सरळ ठेवला, कारण पहिल्या वेळेला तो लाजतो. दुसऱ्या फेरीत ती जागा आली. खाली, वर, खाली. इतके मोकळे ते आखाजीच्या त्या दिवसानंतर निघाले नव्हते. तिसरी फेरी थकल्यासारखी वाजवली आणि हात खाली घेतला.

मास्तरांनी दाढी कुरवाळली. मग म्हणाले, फार सुंदर, गोष्टही सुंदर, पण मी तुमच्या जागी असतो तर अजूनही तो सूर लांबच ठेवला असता.

"तुम्ही ठेवा," मी म्हणाले. "आमच्या गावात असंच वाजवतात."

गाव मोठं नाही. सध्या त्यात दोनच माणसं राहतात, आणि त्यातल्या एकाचा उजवा हात चालत नाही.